एका भागाच्या मालाला एक नाव: जीआयचा अर्ज भरण्याआधी

जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन: ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरता यावं यासाठीची सरकारी नोंदणी. त्यासाठी बैठक बोलावली की पहिला तास नावावरच्या वादात जातो. म्हणून आधी हद्द, म्हणजे माल तयार होतो तो भाग, ठरवा; नाव मागाहून. हद्द पक्की झाली की सुचवलेली निम्मी नावं आपोआप गळतात.

हद्द तालुक्याच्या रेषेवरून आखू नका. माल कुठल्या मातीत, कुठल्या पाण्यावर, कुठल्या पद्धतीनं तयार होतो ते गाववार लिहा आणि नकाशा त्या यादीवरून करा. 'आमचंही गाव घाला' हा आग्रह होणारच. भीड म्हणून गावं वाढवत गेलात, तर मालाचा गुण त्या जमिनीमुळे किंवा तिथल्या हातांमुळे आहे हे दाखवणं जड जातं. उलट खरे उत्पादक बाहेर राहिले तर तेच हरकत घेतात. कोल्हापुरी चपलेची हद्द पाहा: नाव एका जिल्ह्याचं, पण हद्दीत सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हेही आहेत. कारागीर जिथे आहेत तिथे रेषा गेली, आणि अर्ज दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी केला.

नाव ठरवताना गावाचा अभिमान बाजूला ठेवून गिऱ्हाइकाला विचारा. बाहेरचा व्यापारी माल कुठल्या नावानं मागतो? विक्रीच्या जुन्या पट्ट्या, बाजार समितीची दप्तरं, गॅझेटिअर, छापील जाहिराती यांतून ते नाव सापडतं, आणि हेच कागद पुढे पुरावा म्हणून लागतात. द्राक्षबागा तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडे, तासगावची बेदाण्याची बाजारपेठही नावाजलेली, तरी 2016 मध्ये नोंद झाली ती 'सांगली बेदाणे' अशी. नावात ठिकाण असलंच पाहिजे असंही नाही. साताऱ्यातल्या कोरेगावकडचा घेवडा 'वाघ्या घेवडा' म्हणूनच नोंदला गेला.

इथे एक घोळ हमखास होतो: पेठेचं नाव आणि पिकाचं नाव यांची सरमिसळ. सांगलीच्या यार्डात हळद परजिल्ह्यांतून, परराज्यांतूनही येते. तिथे सौदा झाला म्हणून ती 2018 मध्ये मानांकन मिळालेली 'सांगली हळद' ठरत नाही. म्हणून हद्दीच्या आतला आणि बाहेरचा माल वेगळा कसा ठेवणार, पोत्यावर खूण काय, नोंद कोण ठेवणार, हे आधीच लिहून ठेवा.

मग मालाचं वर्णन. 'चव लई भारी' याला अर्जात काही किंमत नाही. रंग, आकार, ओलावा, वाण, काढणी, वाळवणी, साठवण हे सगळं मोजता किंवा तपासता येईल असं लिहा आणि प्रयोगशाळेचे अहवाल जोडा. निकष इतके कडकही नकोत की आपलेच निम्मे शेतकरी नापास व्हावेत.

अर्ज उत्पादकांची संघटना किंवा त्यांचं हित सांभाळणारी संस्था करते. एखादा व्यापारी स्वतःच्या नावावर करू शकत नाही. अर्ज जीआय-1 नमुन्यात, चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे. सोबत प्रमाणित नकाशा, शपथपत्र, उत्पादकांचा तपशील आणि तपासणीची व्यवस्था. अर्ज तपासणाऱ्या तज्ज्ञ गटापुढे बोलायला प्रत्यक्ष माल करणारा माणूस न्या. बारीकसारीक प्रश्नांना सल्लागार अडखळतो. अर्ज नोंदणी कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून आला की हरकतीला तीन महिने, वाढवून फार तर आणखी एक. शेजारच्या तालुक्याशी बोलणी करायची तर ती त्याआधी.

नोंदणी झाली की हारतुरे होतात आणि काम तिथेच थांबतं. खरं तर प्रत्येक उत्पादकानं जीआय-3 नमुना भरून अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवायचं असतं. 2020 पासून त्याचं शुल्क 10 रुपये आहे, म्हणजे अडचण पैशांची नाही, कागद गोळा करण्याची आहे: सातबारा, ओळखपत्र, उत्पादनाचा तपशील. गाववार शिबिर लावून फॉर्म तिथल्या तिथे भरून घ्या. नोंदणी 10 वर्षांची असते. नूतनीकरणाची तारीख संघटनेच्या इतिवृत्तात पहिल्याच पानावर लिहा, कारण तोवर पदाधिकारी बदललेले असतात.