लॅपटॉपच्या बॉडीवरचे ओरखडे: आधी ओळखा, मग हात लावा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू साच्यात ओतून भाग बनवायच्या कारखान्यात, मी काही वर्षं हिशेबाच्या कामाला जात होतो. दिवसभर लॅपटॉप टेबलावर असायचा आणि संध्याकाळी उचलला की टेबलावरच्या धुळीत त्याचा स्वच्छ चौकोन उमटलेला दिसायचा. झाकणावर बसलेली तीच धूळ मी रोज निघताना खिशातल्या रुमालानं पुसायचो. सहा महिन्यांनी एकदा खिडकीच्या उन्हात झाकण तिरकं धरलं, तर त्यावर बारीक बारीक गोल रेघांचं जाळं पडलेलं. लॅपटॉप एकदाही पडला नव्हता, कुठं आपटलाही नव्हता. ओरखडे माझ्याच रुमालानं पाडले होते.

फौंड्रीतली साच्याची वाळू म्हणजे बहुतेक क्वार्ट्झ. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोहस् मापात क्वार्ट्झ 7 वर येतं आणि आपलं नख साधारण अडीचवर. लॅपटॉपचं प्लास्टिक आणि त्यावरचा रंग वाळूपुढं अगदीच मऊ. शिरोलीच कशाला, रस्त्यावरच्या साध्या धुळीतही हे कण असतात. त्यामुळं कोरड्या फडक्यानं पुसणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवण्यासारखंच.

आधी धूळ उडवा, मग पुसा

लॅपटॉप शटडाऊन करा, चार्जर काढा, मशीन गार होऊ द्या आणि झाकण मिटा. रंगकामाचा नवा मऊ ब्रश घेऊन धूळ कडेच्या दिशेनं झाडा. दाब द्यायचा नाही, नुसता ब्रश फिरवायचा. वाटीभर कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विड सोपचा एकच थेंब टाका. त्यात मायक्रोफायबरचं फडकं बुडवून इतकं घट्ट पिळा की पुन्हा पिळलं तरी थेंब पडता कामा नये. त्यानं हलक्या हातानं पुसून घ्या. मग साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं एकदा, शेवटी कोरड्या फडक्यानं एकदा. मशीनवर थेट काहीही फवारू नका. पाणी बिजागरी, पोर्ट आणि हवेच्या जाळीतून सरळ आत उतरतं.

एवढं झालं की खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च झाकणाला जवळजवळ समांतर धरा. मघाशी ओरखडे वाटलेल्या बऱ्याच रेघा गेलेल्या असतील. उरलेल्यांवरून नख आडवं, अलगद फिरवा. नख अडकलं तर चरा खोल आहे. नख सरकून गेलं तर एक तर वरवरचा ओरखडा असेल, नाही तर दुसऱ्याच वस्तूचा रंग तिथं घासून बसला असेल.

त्या घासलेल्या डागासाठी सगळ्यात चांगलं औजार म्हणजे शाळेच्या दप्तरातलं पांढरं, मऊ खोडरबर. ॲल्युमिनियमच्या बॉडीवर किल्लीनं काळपट रेघ उमटली की माणूस हळहळतो. पण त्या धातूवर ॲनोडायझिंगनं, म्हणजे विजेच्या प्रक्रियेनं, तयार केलेला ऑक्साइडचा थर असतो आणि तो किल्लीच्या पितळेपेक्षा कितीतरी कठीण असतो. त्यामुळं पुष्कळदा बॉडी खरवडली जात नाही, किल्लीच झिजते आणि तिचा धातू वर बसतो. रेघेच्या दिशेनं खोडरबर हळू फिरवा आणि चुरा ब्रशनं झाडून टाका. रेघ निघाली, तर तो चरा नव्हताच.

बॉडी कशाची आहे, ते बघा

उपाय यावरच ठरतो आणि चुकाही इथंच होतात. चंदेरी दिसणारा प्रत्येक लॅपटॉप धातूचा नसतो, पुष्कळदा ते रंग मारलेलं प्लास्टिक असतं. मशीन बंद आणि गार असताना मनगट टेकवून बघा. धातू चटकन गार लागतो, प्लास्टिक तसं लागत नाही. चऱ्याच्या आत काय दिसतंय तेही बघा. वर चंदेरी आणि आत काळं किंवा पांढरं दिसलं, तर प्लास्टिकवरचा रंग उडालाय.

ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमवर खरा चरा पडला, आत चकचकीत धातू दिसू लागला, तर तो तसाच राहू द्या. या बॉडीचा करडा किंवा काळा रंग वरून मारलेला नसतो. काही मायक्रॉन जाडीच्या ऑक्साइडच्या थरात, त्याच्या बारीक छिद्रांत तो मुरवलेला असतो. पॉलिशनं तो थरच निघतो आणि एका रेघेच्या जागी तळहाताएवढा पांढुरका ठिपका येतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये कुठल्याही जॉबला, म्हणजे धातूच्या सुट्या भागाला, बफिंग करून (फिरत्या चाकावर घासून चकाकी आणून) मिळतं, म्हणून लॅपटॉपचं झाकणही तिकडं न्यावं असं आपल्याकडं कुणाच्याही मनात येईल. कृपा करून नेऊ नका.

चकचकीत प्लास्टिकवरचे वरवरचे ओरखडे मात्र बरेचसे जातात. गाडीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात हेल्मेटच्या काचेसाठी, हेडलाइटसाठी प्लास्टिक पॉलिश मिळतं. तुरीच्या डाळीएवढं पॉलिश फडक्यावर घ्या आणि आधी तळाच्या एखाद्या कोपऱ्यात करून बघा. तिथं रंग बिघडला नाही, तरच झाकणाला लावा. हात अगदी हलका ठेवा, कारण झाकणाच्या आत लगेच स्क्रीन असते आणि अंगठ्याच्या जोरानंही तिच्यावर कायमचा डाग पडू शकतो. दोन-तीन मिनिटं घासून पुसा आणि टॉर्चनं बघा. फरक पडत असेल तर आणखी एकदा करा, नसेल तर थांबा.

खरखरीत, मॅट प्लास्टिकवर काहीही घासू नका. मॅटपणा त्या बारीक खडबडीतून येतो. ती घासली गेली की तिथं तेलकट दिसणारा चकाकता पट्टा राहतो आणि तो परत मॅट होत नाही.

रंग उडालेल्या जागी चित्रकलेच्या दुकानातला ॲक्रिलिक रंग चालतो. तो पाण्यातला असल्यामुळं प्लास्टिकला त्रास देत नाही. कागदावर मिसळून, वाळवून छटा जुळवा, कारण वाळल्यावर तो थोडा गडद होतो. टूथपिकच्या टोकानं फक्त चऱ्यात भरा आणि बाहेर आलेला लगेच ओल्या कापसानं टिपा. पहिला हात वाळल्यावर दुसरा द्या आणि एक दिवस बॅगेत घालू नका. जवळून बघितलं तर कळतं, पण टेबलापलीकडून कळत नाही.

हे लावू नका

टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते, ती चकाकी मारते. खाण्याच्या सोड्याचंही तेच. मॅजिक स्पंज म्हणून मिळणारा पांढरा स्पंज मऊ लागला तरी तो अतिशय बारीक पॉलिश पेपरच आहे. थिनर, पेट्रोल आणि नेलपेंट रिमूव्हर तर घरातल्या लॅपटॉपजवळ आणूही नका. एका दुकानात माझ्या बहिणीच्या लॅपटॉपवरचा स्टिकरचा गोंद थिनरनं काढून दिला होता. गोंद गेला आणि त्या जागचं प्लास्टिक विरघळून पांढरं पडलं. तिनं तो हप्त्यावर घेतलेला होता, दोन हप्ते अजून बाकी होते. गोंदाला खोबरेल तेलाचं बोट पुरतं. दहा मिनिटं मुरू द्या, फडक्यानं पुसा, मग साबणाच्या फडक्यानं तेल काढा.

ओरखडा नसून दुखणं असेल तर

बिजागरीजवळची बारीक रेघ नीट बघा. झाकण उघडताना ती रुंदावत असेल तर ती तडा आहे. बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नटांत असतात. ते सुटत आले की आधी अशीच रेघ दिसते आणि पुढं एक दिवस झाकण उघडताना पॅनल फाटतं. त्यामुळं तडा दिसताच दुरुस्तीला द्या. दुरुस्तीवाले झाकणाच्या बाहेरच्या भागाला ए पॅनल, स्क्रीनभोवतीच्या चौकटीला बी, कीबोर्डाच्या भागाला सी आणि तळाला डी म्हणतात. कुठलं पॅनल, ते सांगता आलं की भाव विचारणं सोपं जातं. आणि तळ फुगलाय, टचपॅड वर आलंय असं दिसलं तर बॅटरी फुगलेली असू शकते. दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, चार्जिंग थांबवा आणि दुरुस्तीला न्या.

नवे ओरखडे पडू नयेत म्हणून

बॅगेपासून सुरुवात करा. दर रविवारी ती पूर्ण रिकामी करून गॅलरीत उलटी झटका. तळाच्या शिवणीत किती खडे निघतात ते बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल. चार्जरची वीट लॅपटॉपच्या कप्प्यात ठेवू नका. गाडीच्या फूटबोर्डवर बॅग उभी केली की राजारामपुरीपासून विद्यापीठापर्यंत प्रत्येक स्पीडब्रेकरला ती वीट झाकणावर आदळत असते. मऊ स्लीव्ह घ्या आणि तिची चेन आतल्या बाजूनं कापडाची पट्टी असलेली आहे ना, ते बघून घ्या.

टाईप करताना हातातलं कडं आणि घड्याळाचा धातूचा पट्टा काढून ठेवा. टचपॅडच्या डाव्या-उजव्या बाजूचे आडवे ओरखडे बहुतेक त्यांचेच असतात. आपल्याकडं चांदीचं कडं काढायची सवय नाही, मला माहीत आहे. निदान टाईप करताना ते कोपराकडं सरकवा.

तळाचे चार रबरी पाय मोजा. उन्हाळ्यात गोंद सैल होऊन एखादा गळून पडतो आणि मग तो कोपरा टेबलावर खरवडत राहतो. चिकटवायचे रबरी पाय सुटे मिळतात. उंचीला सारखे बघून लावा आणि हवेची जाळी झाकू नका. रंकाळ्याच्या दगडी कठड्यावर लॅपटॉप उघडून बसायचं असेल तर खाली वहीचा पुठ्ठा घ्या.

झाकणाला व्हिनाइलची स्किन, म्हणजे चिकटवायचं पातळ प्लास्टिकचं आवरण, लावणं मला पटतं. आधीचे ओरखडे झाकले जातात आणि नवे तिच्यावर पडतात. काढताना हेअर ड्रायरनं किंचित गरम करून, अगदी बसक्या कोनात सावकाश ओढा. वर क्लिप होणारं टणक प्लास्टिकचं कव्हर मात्र मी कुणाला सुचवत नाही. त्याच्या आत धूळ अडकते आणि प्रत्येक हालचालीला झाकण घासत राहते. वजनही बिजागरीवरच येतं.

जून ते सप्टेंबर एक काम जास्त करावं लागतं. स्लीव्ह ओलसर राहिली तर तिला माती चिकटून बसते. घरी आलात की लॅपटॉप बाहेर काढा, स्लीव्ह उलटी करून रात्रभर पंख्याखाली टाका आणि सकाळी झटकूनच लॅपटॉप आत घाला.