चिनी हायस्कूलच्या मुलांची इंग्रजी लिसनिंग-रीडिंग टेस्ट घेताय? या चुका टाळा

आम्ही चीनमधल्या सुझौ शहरात राहायचो तेव्हा शेजारची एक मुलगी माझ्याकडे इंग्रजीला यायची, हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षाला होती, म्हणजे आपली अकरावी धरा. लिसनिंगमध्ये सारखे मार्क जायचे तिचे. एकदा मी एक रेकॉर्डिंग लावलं, त्यात बाई सांगते की भाऊ न्यायला येणार होता पण त्याची गाडी सुरूच होईना, "सो आय रॅन, अँड आय जस्ट मेड द बस." प्रश्न काय, तर बाई कशाने आली? हिने खूण केली भावाच्या गाडीवर. मी मनात धरलं की कान कच्चा आहे, अजून रेकॉर्डिंग ऐकवायला हवीत, आणि दोन-तीन आठवडे तेच करत बसले. मग एक दिवस त्याच संवादाचा कागद तिच्यासमोर ठेवला. तिने सावकाश वाचला आणि परत गाडीवरच खूण केली. का गं, म्हटलं. तर म्हणाली, "लाओशी (म्हणजे बाई), मेड द बस म्हणजे बस बनवली ना? असं कसं असेल, म्हणून ते वाक्य मी सोडूनच दिलं."

कान तिचा ठणठणीत होता. शब्दन् शब्द ऐकू आला होता. अडकली होती ती 'मेड'च्या दुसऱ्या अर्थाला, म्हणजे धावत जाऊन बस कशीबशी गाठली, आणि मी औषध देत होते कानाचं. तेव्हापासून माझं एकच सांगणं असतं, चुकलेल्या उत्तरावर नुसती लाल फुली मारून पुढे जाऊ नका, ते कशामुळे चुकलं ते शोधता येईल अशी टेस्ट बनवा. चीनमध्ये राहणारे किंवा तिथल्या मुलांना शिकवणारे जे मराठी वाचक असतील त्यांच्यासाठी माझ्या अनुभवातल्या चुका लिहितेय.

आधी खरा पेपर बघा तरी

बरेच जण स्वतःच्या मनाने टेस्ट बनवतात आणि मुलं ज्या परीक्षेसाठी मरमर मरतात ती कशी असते हेच बघत नाहीत. ती परीक्षा म्हणजे गाओकाओ, बारावीनंतरची कॉलेज प्रवेशाची. सांस्कृतिक क्रांतीत बंद पडली होती, १९७७ला परत सुरू झाली, आणि २०२४ला १ कोटी ३४ लाखांच्या वर मुलांनी नाव नोंदवलं होतं. इंग्रजीचा पेपर ८ जूनला दुपारी ३ ते ५. एकूण १५० मार्क, त्यात लिसनिंगचे ३० आणि रीडिंगचे ५०, म्हणजे निम्म्याहून जास्त पेपर या दोनच गोष्टींवर. लिसनिंग पहिली २० मिनिटं, प्रश्न २०, प्रत्येकी दीड मार्क, ऑप्शन तीन. रीडिंगमध्ये चार पॅसेज मिळून १५ प्रश्न, प्रत्येकी अडीच मार्क, ऑप्शन चार. आणि त्यानंतर 'छी श्वान वू', म्हणजे सातातून पाच निवडा, रीडिंगचे उरलेले साडेबारा मार्क त्याचे, त्यावर पुढे बोलू.

पण हे बहुतेक प्रांतांचं झालं. शांघायचा पेपर वेगळा, तिथे लिसनिंगचे प्रश्न छापलेलेच नसतात, कागदावर फक्त ऑप्शन असतात आणि प्रश्न ऐकायचा. बीजिंगमध्ये लिसनिंग आणि बोलणं मिळून ५० मार्कांचं कॉम्प्युटरवर होतं आणि दोन संधी मिळतात. त्यामुळे मूल कुठल्या प्रांतातून परीक्षा देणार हा पहिला प्रश्न विचारा. शांघायच्या मुलाला छापील प्रश्न देऊन टेस्ट घेतलीत तर तुम्ही त्याची वेगळीच परीक्षा घेताय, मार्क चांगले येतील आणि सगळे खुश होतील, पण उपयोग शून्य.

सगळंच दोनदा ऐकवणं

ही सगळ्यात कॉमन चूक आणि प्रेमापोटी होते. मूल म्हणतं परत लावा ना, आपण लावतो. खऱ्या पेपरात पहिले पाच छोटे संवाद फक्त एकदा वाजतात आणि नंतर १० सेकंद मिळतात, त्यातच उत्तर द्यायचं आणि पुढचा प्रश्न वाचायचा. पुढचे मोठे संवाद दोनदा वाजतात, तिथे प्रत्येक प्रश्न वाचायला आधी ५ सेकंद आणि नंतर उत्तराला ५ सेकंद. हे सेकंद घड्याळ लावून पाळा. कारण कित्येक मुलांचा प्रॉब्लेम ऐकण्याचा नसतोच, पहिला प्रश्न सुटला नाही म्हणून त्याच्यावरच विचार करत बसतात आणि दुसरा संवाद सुरू होऊन अर्धा संपलेला असतो. दोनदा ऐकवलंत तर हा रोग तुम्हाला कधी दिसणारच नाही.

सुरुवातीला सूचनेत एक नमुना वाजतो, शर्टाची किंमत किती, ९ पाउंड १५ पेन्स, उत्तर सी. वर्षानुवर्षं हेच उदाहरण, चीनमधल्या प्रत्येक मुलाला ते पाठ आहे, मोठी झालेली माणसंसुद्धा आठवण काढतात. तुमच्या टेस्टमध्येही सूचना आणि नमुना पूर्ण वाजू द्या, वेळ वाचवायला कापू नका, कारण हुशार मुलं तेवढ्या वेळात पुढचे प्रश्न वाचून ठेवतात आणि ती सवय लावावीच लागते.

आणि हेडफोन! घरी कायम हेडफोन लावून प्रॅक्टिस करणारं मूल परीक्षेत वर्गातल्या स्पीकरवर ऐकताना गडबडतं. त्या दिवशी केंद्राच्या आसपास बांधकामं बंद ठेवतात, हॉर्न वाजवू देत नाहीत, पण शेजारच्या बाकावरचा खोकला कोण थांबवणार. महिन्यातून दोनदा तरी मोठ्या खोलीत साध्या स्पीकरवर टेस्ट घ्या.

स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करणं हीसुद्धा चूकच. आपण थांबत थांबत, प्रत्येक शब्द सुटा करून वाचतो, आणि आपण व्ही आणि डब्ल्यू दोन्ही साधारण सारखेच म्हणतो, त्यामुळे मुलाला कळतो तो आपला आवाज. पेपरात ब्रिटिश-अमेरिकन आवाज असतात, शब्द एकमेकांत मिसळलेले.

कुठे अडतं ते भाषेतच आहे

हे नीट समजून घ्या, कारण इथे खरी मजा आहे. मँडरिनमध्ये शब्दाचा शेवट साधारण स्वराने नाहीतर न किंवा ङ-सारख्या आवाजाने होतो, त्यामुळे शेवटचा ट, ड, क हा त्यांच्या कानाला 'नसल्यासारखा' असतो. कॅन आणि कान्ट, लाइक आणि लाइक्ड, यातला फरक निसटतो. बोलताना 'तो' आणि 'ती' दोघांनाही 'था'च म्हणतात, लिहिताना अक्षर वेगळं पण उच्चार एकच. म्हणून संवादात 'ही सेड शी वुड कॉल हिम' असं आलं की कोणी कोणाला फोन करायचा हे मूल गमावतं, आणि आपल्याला वाटतं लक्ष नाही.

आकड्यांचं तर आपल्याला पटकन कळेल. ३,५०,००० या आकड्याला आपण साडेतीन लाख म्हणतो, ते 'पस्तीस वान' म्हणतात कारण त्यांचं मोजणं दहा हजाराच्या गठ्ठ्याने चालतं, आणि कानावर पडतं थ्री हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड. आपल्याला मिलियन ऐकून दहा लाख असं मनात फोडावं लागतं ना, अगदी तसंच. म्हणून मोठ्या आकड्याचा प्रश्न चुकला तर तो लिसनिंगचा म्हणून धरू नका, आकडे उलगडायची वेगळी पाच मिनिटं रोज घ्या, सुधारतं.

अजून एक गोष्ट आपल्यासारखीच. 'तू जेवली नाहीस ना?' 'हो, नाही जेवले.' चिनीतही असंच चालतं, समोरचा म्हणतो ते बरोबर म्हणून हो. इंग्रजीत तिथे नो येतो. तर संवादात 'यू डिडन्ट गो?' 'नो.' असं आलं की मूल 'नो म्हणजे तू म्हणतोस ते चूक, म्हणजे गेला' असं धरतं. मराठी माणसाने हे समजावलं तर फार लवकर पटतं, माझा अनुभव आहे.

मार्कांकडे कसं बघायचं

तीन ऑप्शन असलेले २० प्रश्न. काही न ऐकता नुसत्या खुणा केल्या तरी सरासरी सहा-सात बरोबर येणार. म्हणून 'मागच्या वेळी ५ होते, या वेळी ७ आले, प्रगती आहे' असं आईला सांगू नका, त्यात काहीच नाही. रीडिंगमध्ये चार ऑप्शन, १५ प्रश्न, तिथे नुसत्या अंदाजाने तीन-चार बरोबर येतात. मी उत्तराच्या शेजारी एक छोटी चौकट ठेवते, खात्री असेल तर बरोबरची खूण, अंदाज असेल तर प्रश्नचिन्ह. एवढ्याने अर्धं निदान होतं. खात्रीने चुकलेलं उत्तर सगळ्यात मोलाचं, कारण तिथे काहीतरी उलटं बसलेलं असतं.

त्यानंतर चुकलेल्या लिसनिंगच्या प्रश्नांचा संवाद लिहिलेला कागद समोर ठेवायचा. वाचून बरोबर आलं तर अडचण आवाजाची, मग जोडून बोललेले शब्द, गिळलेले आवाज यावर काम. वाचूनही चुकलं तर अडचण भाषेची, मग कितीही ऐकवा फरक पडणार नाही. आणि वाचून अर्थ चिनीत बरोबर सांगितला पण ऑप्शन चुकला, तर प्रश्नच समजला नव्हता किंवा तुमचा प्रश्नच वाईट होता. हो, असं खूपदा असतं.

रीडिंगमधल्या चुका

परदेशी वर्तमानपत्रातला लेख उचलून जसाच्या तसा देणं. गाओकाओचे पॅसेज मुलांसाठी सोपे करून घेतलेले असतात, आणि अभ्यासक्रमाबाहेरचा कठीण शब्द आला तर शेजारी कंसात चिनी अर्थ छापतात. अभ्यासक्रमात साधारण ३००० शब्द धरलेले आहेत. तुम्ही दर ओळीला दोन नवे शब्द टाकलेत तर ती शब्दांची परीक्षा झाली, वाचनाची नाही. फक्त ज्या शब्दाचा अर्थ संदर्भाने ओळखायला सांगणार त्याचा अर्थ चुकूनही देऊ नका.

पॅसेज न वाचता सुटणारे प्रश्न. व्यायामाने तब्येत सुधारते, प्लास्टिकने समुद्र बिघडतो, असल्या विषयांवर मुलाला आधीच माहिती असते. माझी पद्धत अशी की फक्त प्रश्न आणि ऑप्शन एखाद्या दुसऱ्या मुलाला द्यायचे, पॅसेज नाही. १५ पैकी ८-९ बरोबर आले तर पेपर फेकायचा आणि परत लिहायचा. मी कित्येक फेकलेत.

ऑप्शनची लांबी. चिनी मुलांमध्ये एक तोंडी नियम फिरतो, तीन आखूड एक लांब तर लांब घे, तीन लांब एक आखूड तर आखूड घे. नवखा पेपर सेट करणारा बरोबर उत्तर नेहमी जरा सविस्तर लिहितो, अटी घालून, आणि मुलं नुसत्या मापावरून पकडतात. चारही ऑप्शन जवळपास सारख्या लांबीचे करा, फार वेळ जातो पण करा.

आता ते सातातून पाच. पॅसेजमध्ये पाच रिकाम्या जागा, खाली सात वाक्यं, दोन उरतात. इथे एक वाक्य चुकीच्या जागी गेलं की ते जिथे हवं होतं ती जागाही चुकते, म्हणजे एका गैरसमजाचे ५ मार्क जातात. पाचपैकी शून्य बघून घाबरू नका. मुलाला विचारा हे वाक्य इथे का घातलंस. बहुतेक वेळा 'शब्द सारखा दिसला म्हणून' असं उत्तर येतं, वरच्या ओळीत वॉटर, खालच्या वाक्यात वॉटर, बसव. त्याला 'दिस', 'दे', 'हाउएव्हर' असल्या शब्दांवर बोट ठेवायला शिकवा, हे 'दे' म्हणजे कोण, मागच्या ओळीत अनेकवचन आहे का. चिनी नामाला सहसा अनेकवचनाचं रूप नसतं, त्यामुळे तो एस त्यांच्या डोळ्यांतून निसटतो, मुद्दाम गोल करायला लावा. टेस्ट बनवताना उलट बाजूने हेही बघा की एखादं वाक्य दोन जागी चपखल बसत नाहीये ना.

मार्कांशी नंतर खेळू नका

पेपर अवघड गेला म्हणून तपासल्यावर काही प्रश्नांचं वजन बदलायचा मोह होतो. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये झेजियांग प्रांतात इंग्रजीच्या पेपरला असंच झालं, मुलं आणि पालक प्रचंड चिडले, चौकशी बसली आणि शेवटी डिसेंबरमध्ये सगळ्यांचे मूळ मार्क परत द्यावे लागले. आपली टेस्ट छोटी असली तरी मुलाचा विश्वास तसाच मोडतो. पेपर अवघड झाला तर तसं सांगा, पुढचा नीट बनवा.

शेवटची एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे मी एका मुलाला रडताना पाहिलंय. लिसनिंग संपल्यावर प्रश्नपत्रिकेवरची उत्तरं उत्तरपत्रिकेवर गडद करायला २ मिनिटं मिळतात, टू-बी पेन्सिलने. त्या मुलाने सराव पेपरात सहावा प्रश्न सोडला होता आणि सातव्याची खूण सहाव्यात केली, तिथून पुढचं सगळं एक घर सरकलं. ऐकलेलं जवळजवळ सगळं बरोबर होतं. तेव्हापासून माझ्या टेस्टला छापील उत्तरपत्रिका असतेच, आणि सोडलेल्या प्रश्नालाही काहीतरी खूण करूनच पुढे जायचं, चुकलं तरी चालेल, चुकीला इथे मार्क कापत नाहीत.