सांगलीत बसून जुनी जपानी सिगारेट कार्डं कशी जमवायची

पहिलंच सांगून टाकतो, ही कार्डं सांगली-मिरजेत रद्दीवाल्याकडं नाहीतर भंगारात मिळायची नाहीत, उगाच उन्हात फिरू नका. आपल्याकडं जुन्या वाड्यांतल्या ट्रंकेत कधी सापडलंच तर जपानी काडेपेटीचं लेबल सापडतं, देवादिकांचं चित्र आणि खाली 'मेड इन जपान', कारण १९२२ साली सरकारनं आयात काडेपेट्यांवर जबर ड्युटी बसवेपर्यंत तो माल इकडं भरपूर यायचा. तसलं काही हाती लागलं तर फेकू नका, पण तो छंद वेगळा.

आपला विषय सिगारेटच्या पाकिटात घातलेलं छोटं चित्राचं कार्ड. अमेरिकेत पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठा घालायचे, मग त्यावर चित्रं छापायला लागले, आणि गिऱ्हाईक चित्रांसाठी परत परत तोच ब्रँड घ्यायला लागलं. जपानात क्योतोच्या मुराई किचिबेई ह्या सिगारेटवाल्यानं ती आयडिया बरोबर उचलली. त्याची 'सनराइज' सिगारेट १८९१ ची, 'हिरो' १८९४ ची, आणि हिरोमध्ये अमेरिकन तंबाखू. त्याच्या विरोधात टोकियोच्या गिन्झात इवाया मात्सुहेई, ब्रँड 'तेंगू', म्हणजे लांब नाकाचा लाल तोंडाचा त्यांच्याकडचा भुताचा प्रकार, आणि ह्या गड्याचं दुकान लाल, कपडे लाल, घोडागाडी पण लाल! माझी तंबाखू देशी, मुराईची परदेशी असली इवायाची जाहिरातबाजी चालायची. मग १९०४ ला रशियाशी युद्ध लागलं, सरकारला पैसा पाहिजे होता, तंबाखूचं उत्पादनच सरकारनं ताब्यात घेतलं आणि दोघांचाही धंदा बंद.

हे साल पाठ करा, कारण वयाचा सगळा हिशोब त्यावर आहे. विकणारा 'मुराईचं १९२० चं ओरिजिनल कार्ड' म्हणाला की समजा त्याला तरी माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नसेल असं त्याला वाटतंय. मेइजी सन, म्हणजे त्या वेळच्या जपानी सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष, दिला असेल तर त्यात १८६७ मिळवा, मेइजी ३७ म्हणजे १९०४.

सुरुवात फक्त हिरोच्या कार्डांपासून करा. सगळंच जमवायला गेलं की पैसे जातात आणि डोळा काही तयार होत नाही, एका ब्रँडची कार्डं सारखी बघितली की कागद, रंग, अक्षरं हे आपोआप कळायला लागतं.

ओरिजिनल ओळखायला १० एक्सची लेन्स लागते, सराफ नाहीतर घड्याळवाले वापरतात ती. आधी घरातली एखादी नवी लग्नपत्रिका त्याखाली बघा, चार रंगांचे ठिपके एकदम शिस्तीत फुलासारखे दिसतील. जुन्या लिथो, म्हणजे दगडावरून केलेल्या छपाईत तसं नसतं, ठिपके हातानं टाकल्यासारखे वेडेवाकडे, काही रंग तर सलग भरलेले, कडेला रंग थोडा सरकलेला. दुसरं म्हणजे नोटा तपासायची यूव्ही टॉर्च. अंधारात मारली आणि कागद निळापांढरा लखलखला तर ते कार्ड मेइजी काळातलं नाही, कागदात ती चमक आणणारं केमिकल फार नंतर आलं. नुसता मळकट दिसला म्हणून लगेच ओरिजिनल मात्र समजू नका, जुन्या कोऱ्या कागदावर पण कुणी छापू शकतं. तिसरं, त्या काळची आडवी जपानी अक्षरं उजवीकडून डावीकडं असायची, डावीकडून सुरू झाली तर शंका घ्या. इंग्रजी मजकूर अर्थात सरळच.

खरेदी ऑनलाइनच. जपानच्या याहू ऑक्शन ह्या लिलावाच्या साइटवर माल जास्त असतो पण तिथं आपल्याला थेट घेता येत नाही, एजंट साइट लागते, ती कमिशन घेते, वर जपानमधलं पोस्टेज, मग इंटरनॅशनल, मग इथं कस्टम्स. एका कार्डासाठी हे सगळं करणं म्हणजे येडेपणा, एजंटच्या गोडाऊनला आठ-दहा जमू द्या आणि एकदम मागवा, बिल जपून ठेवा. शोधताना कंपनीचं नाव जपानी लिपीत कॉपी करून टाका, इंग्रजीत शोधलं की तीच चार कार्डं चढ्या भावात दिसतात. मागच्या बाजूचा फोटो नसेल तर मागा, बरीच कार्डं कुणीतरी अल्बमला चिकटवलेली असतात आणि उचकटताना मागचा थर गेलेला असतो. कडा कापल्यात का तेही बघा.

ठेवायचं कसं, तर लॅमिनेशन अजिबात नको, सेलोटेप नको, स्वस्तातले पीव्हीसीचे वास मारणारे अल्बम नकोत. पॉलिप्रॉपिलीनचे पाऊच घ्या, त्यात सिलिका जेल, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघा, कसर लागली तर आठवड्यात कडा खाऊन टाकते. आणि सांगलीकरांनी अल्बम तळमजल्यावर ठेवायचाच नाही, २०१९ ला आणि २०२१ ला कृष्णामाई कुठवर आली ते आपण बघितलंय. माळ्यावर नाहीतर वरच्या मजल्यावर झाकणाच्या डब्यात ठेवा, पण पत्र्याखाली नको, उन्हाळ्यात तिथं भट्टी असते. प्रत्येक कार्डाचे पुढचे-मागचे स्कॅन काढून किंमत आणि तारखेसकट ड्राइव्हवर टाका, घरात कुणी किती रुपये घातले विचारलं तर ती फाइल दाखवायची की नाही ते तुमचं तुम्ही बघा.