कुत्र्या-मांजरांच्या शेल्टरमध्ये मदतीला जाताय? आधी एवढं वाचा

शेल्टरमध्ये जायचं म्हणजे पिल्लं कुरवाळायची, असं वाटत असेल तर आधीच सांगते, सुरुवातीला हातात खराटाच येतो. नाक मुरडू नका. पिंजरा धुता धुताच कोण घाबरतं, कोण ताटलीवर गुरगुरतं, हे कळतं. मांजरांच्या खोलीत मात्र फिनाईल नको, त्यांना ते विषारी. लस न झालेल्या पिल्लांकडे आधी जा, आजारी जनावरांकडे शेवटी. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू चपलांवरूनही पसरतो. चावा बसलाच तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि तडक डॉक्टर गाठा.

खरी मेहनत जनावराला घर मिळावं म्हणून काढायच्या फोटोची. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत प्रत्येक कुत्रा बापुडवाणा दिसतो. खाली बसा, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा, फ्लॅश बंद. काळ्या कुत्र्याचं तोंड उजेडाकडे करा, नाहीतर फोटोत नुसती सावली येते.

फोटोखालच्या माहितीत ‘गोड, प्रेमळ’ लिहिलेलं मला चालत नाही. गोड कोण नसतं? ‘जिन्याला घाबरते, मांजर दिसलं की दोरी ओढते, ओळख झाली की मांडीवरून हलत नाही’ असं लिहा. खोड लपवलीत तर जनावर परत येतं.

न्यायला आलेल्यांना विचारा: दिवसभर घरी कोण असतं? घरमालकाची हरकत नाही ना? लसीकरण, नसबंदीचे कागद हातात देऊनच पाठवा. दोन-तीन दिवसांनी फोन करा. नवीन मांजर पलंगाखाली दडून बसतं आणि माणसं उगीच धास्तावतात.