स्पेसक्राफ्ट प्रोपल्शनमध्ये करिअर करायचंय? या चुका टाळा

स्पेसक्राफ्ट प्रोपल्शन म्हणजे अंतराळयानाला धक्का देऊन पुढे ढकलणारी प्रणाली. या क्षेत्रात येऊ पाहणारे विद्यार्थी ज्वलनकक्ष आणि नॉझल (जळालेला वायू वेगाने बाहेर सोडणारं तोंड) यांच्यावर खूप वेळ घालवतात. ते शिकायलाच हवं. पण यानं निकामी झाल्याच्या गाजलेल्या घटना एकेक करून वाचल्या, तर बोट वेगळ्याच जागेकडे जातं.

नॉझल पाठ, व्हॉल्व्ह कच्चे

१९९३ मध्ये नासाचं मार्स ऑब्झर्व्हर यान मंगळाच्या कक्षेत शिरण्याच्या तीन दिवस आधी गप्प झालं. चौकशीत सर्वांत संभाव्य ठरलेलं कारण असं: महिनोन् महिन्यांच्या प्रवासात ऑक्सिडायझरची (इंधन जाळणाऱ्या द्रवाची) वाफ चेक व्हॉल्व्हमधून (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणाऱ्या झडपेतून) झिरपली आणि टाक्यांना दाब देणाऱ्या हेलियम वायूच्या नळ्यांमध्ये थंड होऊन द्रवरूपात साचली. टाक्यांना दाब देताना ती इंधनाला भेटली आणि नळी फुटली. २०१० मध्ये अकात्सुकी या जपानी यानाच्या इंधनाकडच्या चेक व्हॉल्व्हमध्ये क्षार साचले, हेलियम नीट पोहोचलं नाही, इंधन कमी पडून इंजिन बिघडलं आणि शुक्राची कक्षा हुकली. यान पाच वर्षांनी, छोट्या थ्रस्टरांच्या (धक्का देणाऱ्या लहान इंजिनांच्या) बळावर तिथे पोहोचलं. एप्रिल २०१९ मध्ये क्रू ड्रॅगन या स्पेसएक्सच्या यानाच्या जमिनीवरच्या चाचणीत हेलियमच्या नळीत गळालेला ऑक्सिडायझर वेगाने टायटॅनियमच्या चेक व्हॉल्व्हवर आदळला आणि स्फोट झाला. जानेवारी २०२४ मध्ये चंद्रावर निघालेल्या पेरेग्रीन यानाचा हेलियम व्हॉल्व्ह पुन्हा घट्ट मिटला नाही आणि ऑक्सिडायझरची टाकी जास्त दाबाने फुटली.

चार यानं, ३१ वर्षांचं अंतर, आणि चारही वेळा दोष दाब देणाऱ्या हेलियमच्या बाजूचा.

म्हणून कोऱ्या कागदावर, काहीही न बघता, द्विइंधन प्रणालीची (इंधन आणि ऑक्सिडायझर वेगवेगळ्या टाक्यांत ठेवणाऱ्या प्रणालीची) आकृती काढता येईपर्यंत सराव करा: हेलियमची टाकी, प्रेशर ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा संवेदक), पायरो व्हॉल्व्ह (छोट्या स्फोटाने एकदाच चालणारा), फिल्टर, रेग्युलेटर (दाब ठरावीक ठेवणारा), दोन्ही बाजूंचे चेक व्हॉल्व्ह, दोन टाक्या, भरण्या-रिकामं करण्याचे व्हॉल्व्ह, लॅच व्हॉल्व्ह (वीज बंद असतानाही आहे त्या स्थितीत राहणारा), पुन्हा फिल्टर, शेवटी थ्रस्टर. मग प्रत्येक भागाला दोन प्रश्न विचारा. हा उघडा अडकला तर काय होईल? मिटलेला अडकला तर? उत्तरं तक्त्यात लिहा. प्रत्यक्ष नोकरीत फेल्युअर मोड विश्लेषण म्हणतात ते याचंच सविस्तर रूप.

प्रक्षेपक आणि यान यांचं प्रोपल्शन एकच समजणं

प्रक्षेपकाचं इंजिन काही मिनिटं जळतं. यानाच्या थ्रस्टरला वर्षानुवर्षं, हजारो वेळा, कधी काही मिलिसेकंदांसाठी उघडायचं असतं. वजनरहित अवस्थेत द्रव टाकीच्या तोंडाशी आपोआप येत नाही. त्यासाठी लवचीक पडदा किंवा पृष्ठताणावर चालणारी पाती लागतात. यानांत वापरलं जाणारं इंधन हायड्रॅझीन साधारण २ अंश सेल्सिअसला गोठतं, त्यामुळे नळ्या आणि व्हॉल्व्हना हीटर हवेतच. हायड्रॅझीनचं विघटन घडवणाऱ्या उत्प्रेरकाचा थर थंड असताना थ्रस्टर वारंवार चालवला तर त्याचे दाणे तडकतात आणि धक्का ठरल्याप्रमाणे मिळत नाही. म्हणजे उष्णतेचं गणित येत नसेल, तर यानावरच्या प्रोपल्शनचं निम्मं काम हाताबाहेर राहतं.

हाताने गणित न करता सॉफ्टवेअर उघडणं

सिम्युलेशनमधली रंगीत चित्रं मुलाखतीत फार वेळ तग धरत नाहीत. आधी हे करून बघा. इंधनाशिवाय ५०० किलोचं यान, हवा असलेला वेगबदल १,५०० मीटर प्रति सेकंद. विशिष्ट आवेग (इंधनाचा धक्का देण्यातला काटकसरीपणा दाखवणारा आकडा) २२० सेकंद (हायड्रॅझीन) धरला तर त्सिओल्कोव्स्कीच्या रॉकेट-सूत्राने सुमारे ५०२ किलो इंधन लागतं. ३१० सेकंद (द्विइंधन) धरला तर ३१९ किलो. १,६०० सेकंदांच्या हॉल थ्रस्टरला (विजेच्या जोरावर आयन बाहेर फेकणाऱ्या इंजिनाला) फक्त ५० किलो.

इथे बरेच जण थांबतात आणि हॉल थ्रस्टर निवडून मोकळे होतात. चूक इथेच होते. १.५ किलोवॉट वीज आणि ५० टक्के कार्यक्षमता धरली तर धक्का मिळतो जेमतेम ९६ मिलिन्यूटन. तेवढाच वेगबदल करायला सुमारे ९५ दिवस अखंड चालवावं लागेल. शिवाय रासायनिक इंजिनासाठी काढलेला वेगबदल इथे तसाच वापरता येत नाही. कमी धक्क्याच्या सर्पिल मार्गाला बहुधा जास्त लागतो. इंधन, वीज, वेळ आणि मार्ग यांचा हिशोब एकत्र मांडता आला, तरच निवडीला अर्थ आहे.

एककांबाबत एवढंच: १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान गमावलं ते थ्रस्टरच्या आवेगाचे (धक्का गुणिले वेळ) आकडे पाउंड-सेकंदात दिले गेले आणि न्यूटन-सेकंद समजून वापरले गेले म्हणून. फरक ४.४५ पट. प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहायची सवय पहिल्या वर्षापासून लावा.

चाचणीचा अनुभव नसणं, किंवा तो धोकादायक पद्धतीने मिळवणं

घरगुती इंजिन पेटवणं हा अनुभव नव्हे. हायड्रॅझीनसारखी विषारी इंधनं तर प्रशिक्षित चमूशिवाय हाताळायचीच नाहीत. सुरुवातीला प्रयोगशाळेत, देखरेखीखाली, साधं पाणी पुरतं. १ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून ५ बार दाबफरकाने, प्रवाह गुणांक ०.७ धरून, सेकंदाला सुमारे १७ ग्रॅम पाणी जायला हवं. ६० सेकंदांत एक किलोहून थोडं जास्त. बादली वजनकाट्यावर ठेवा आणि मोजा.

आकडा जुळला नाही तर क्रमाने तपासा. दाब छिद्राच्या लगत मोजताय की लांबच्या नळीवर? नळीत हवेचे बुडबुडे आहेत का? छिद्राच्या काठावर बर (ड्रिलनंतर उरलेली धातूची खरखरीत कड) राहिली आहे का? व्यास ५ टक्क्यांनी चुकला तर प्रवाह १० टक्क्यांनी चुकतो, म्हणून ड्रिलच्या आकारावर विसंबू नका, प्रत्यक्ष व्यास मोजा.

धक्का मोजताना नेहमीची गफलत म्हणजे इंधनाची नळी. दाब भरला की ती ताठ होते आणि लोड सेलवर (जोर मोजणाऱ्या संवेदकावर) स्वतःच जोर देते. कॅलिब्रेशन दाब भरलेल्या अवस्थेत, ठाऊक वजनं लावून करा. दाबाची नोंद सेकंदाला १० वेळाच घेत असाल, तर १०० हर्ट्झची कंपनं दिसणार नाहीत. निदान १,००० नोंदी घ्या. आणि टाकीची मजबुती कधीही दाबलेल्या वायूने तपासू नका. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे टाकी फुटली तरी थोडी ऊर्जा सुटते. वायूने भरलेली तीच टाकी जीव घेऊ शकते.

अर्ज आणि मुलाखत

अमेरिकेतल्या बऱ्याच प्रोपल्शन नोकऱ्या निर्यात नियंत्रणाच्या नियमांमुळे तिथल्या नागरिकांना किंवा कायम रहिवाशांनाच मिळतात. परदेशी पदवीवर पैसा आणि वर्षं घालण्याआधी हे तपासा. नंतर कळलं तर खूप उशीर झालेला असतो.

बायोडेटात ‘रॉकेट संघात काम केलं’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. काय बनवलं, किती दाबाला, किती चाचण्या झाल्या, अंदाज आणि मोजमाप यांत किती फरक पडला, तो का पडला, हे दोन ओळींत लिहा. फसलेल्या चाचणीचं नेमकं कारण सांगता येणं ही मोठी जमेची बाजू आहे.

मुलाखतीत प्रश्न साधे दिसतात. (ब्लोडाउन टाकीत बाहेरून दाब भरत नाहीत; इंधन संपत जातं तसा आतला वायू पसरतो.) ‘ब्लोडाउन टाकीत २५ लिटर वायू २२ बारवर आहे, तो पसरून १०० लिटर झाला; आता दाब किती?’ तापमान स्थिर धरून ५.५ बार. खरा प्रश्न त्यानंतर येतो: ‘मग धक्क्याचं काय?’ तोही घटतो, म्हणून शेवटच्या काळात तेवढाच आवेग द्यायला थ्रस्टर जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि हे नियंत्रण प्रणालीच्या चमूला आधीच कळवावं लागतं. किंवा: ‘नळीत पाणी सेकंदाला ३ मीटरने वाहतंय आणि व्हॉल्व्ह झटक्यात मिटला, तर?’ नळीत दाबलहरीचा वेग १,४०० मीटर प्रति सेकंद धरला तर दाब सुमारे ४२ बारने उसळतो. हे गणित कागदावर अर्ध्या मिनिटात होतं. ज्याला ते येतं तो पुढे स्वतःहून विचारतो, की व्हॉल्व्ह मिटायला किती मिलिसेकंद घेतो आणि नळी किती लांब आहे.