वेब पत्त्याची लांबी आणि त्यातले कीवर्ड: रँकिंगसाठी काय करावं, काय सोडून द्यावं

‘पत्ता साठ अक्षरांच्या आत बसवा, नाहीतर पान खाली जाईल’ हा सल्ला अजूनही फिरतोय आणि त्यापायी लोक चांगली चालणारी पानं उगाच हलवतात. म्हणून आधीच सांगते: लांबी हा गुगलच्या रँकिंगचा निकष नाही. गुगलचे जॉन म्युलर यांनी हे अनेकदा आणि सरळ शब्दांत सांगितलं आहे. पत्ता ही पानाची ओळखखूण आहे, ती लांब की आखूड याला क्रमवारीत किंमत नाही. लांबीचा संबंध येतो तो एकाच ठिकाणी. एकच मजकूर दोन-तीन पत्त्यांवर सापडला तर त्यातला मुख्य, म्हणजे कॅनॉनिकल, कोणता मानायचा हे ठरवताना आखूड आणि स्वच्छ पत्त्याकडे कल असतो. त्याने पान वर चढत नाही; निकालात कोणता पत्ता दिसणार, एवढंच ठरतं.

मग वरच्या निकालांमध्ये आखूड पत्ते जास्त का दिसतात? कारण साइटचं मुखपृष्ठ आणि मुख्य विभागांची पानं यांचे पत्ते मुळातच आखूड असतात आणि बाहेरच्या लिंक सगळ्यात जास्त त्यांनाच मिळतात. पान वर येतं ते त्या लिंकमुळे. पत्त्याची लांबी तिथे फक्त हजर असते. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी भीती संपते.

तांत्रिक मर्यादा मात्र खऱ्या आहेत. साइटमॅपच्या (शोधयंत्राला दिलेली साइटवरच्या पत्त्यांची यादी) नियमानुसार पत्ता २,०४८ टंकांपेक्षा (अक्षरं, अंक, खुणा सगळं धरून) कमी हवा. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररची मर्यादा २,०८३ होती. म्युलर यांनी सुचवलेला आकडा १,००० आहे, तोही देखरेख सोपी जावी म्हणून. हाताने लिहिलेला पत्ता तिथवर कधीच पोचत नाही. फिल्टर, सॉर्टिंग आणि सेशनचे, म्हणजे वाचकाच्या एका भेटीचे, तुकडे जोडून यंत्राने बनवलेले पत्तेच तिथे पोचतात.

कीवर्डचं खरं वजन

पत्त्यातल्या कीवर्डला वजन आहे, पण अगदी हलकं. पान नुकतंच सापडलंय आणि आतला मजकूर अजून वाचला गेलेला नाही, अशा वेळी पत्त्यातल्या शब्दांवरून विषयाचा थोडा अंदाज बांधता येतो. मजकूर इंडेक्समध्ये, म्हणजे शोधयंत्राच्या सूचीत, गेला की शीर्षक, मथळे आणि मजकूर हेच बोलतात. त्यामुळे ज्याचं शीर्षक गोंधळलेलं आहे त्याने पत्त्यावर तासभर घालवू नये. तो तास शीर्षकाला द्यावा.

दुसरा, आडून मिळणारा फायदा असा की कुणी तुमचा पत्ता जसाच्या तसा चिकटवला तर त्यातले शब्दच लिंकचा मजकूर होतात. ‘/पी?आयडी=४८२’ असं काही चिकटवलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, शोधयंत्रालाही नाही.

‘लोक निकालात पत्ता वाचून क्लिक करतात’ हा युक्तिवाद आता बराच मऊ पडलाय. जानेवारी २०२५ पासून गुगल मोबाइलच्या निकालांत पत्त्याचा मार्ग (डोमेनच्या पुढचा भाग) दाखवत नाही, फक्त डोमेन, म्हणजे साइटचं नाव, दाखवतं. डेस्कटॉपवर मार्ग अजून दिसतो.

डोमेनच्या नावात कीवर्ड कोंबायचा मोह असेल तर सप्टेंबर २०१२ आठवा. निव्वळ नावात शोधशब्द आहे म्हणून वर बसलेल्या निकृष्ट साइटना खाली आणणारा बदल गुगलने तेव्हाच केला. चांगल्या साइटला असं नाव चालतं, पण नावावर भरवसा ठेवून विकत घेऊ नका.

स्लग लिहिताना

स्लग म्हणजे पत्त्यातला पानाच्या नावाचा तुकडा. त्यात पानाचा विषय दोन ते चार शब्दांत लिहा, मध्ये आडवी रेघ (-) टाका, संपलं. अंडरस्कोर (_) नको: गुगल स्वतः आडवी रेघच वापरा म्हणतं. रोमन लिपी असेल तर सगळी अक्षरं लहान ठेवा, कारण मार्गातलं मोठं आणि लहान अक्षर वेगळं धरलं जातं आणि एका पानाचे दोन पत्ते होतात.

काय वगळायचं ते जास्त महत्त्वाचं. हा नमुना बघा:

/ब्लॉग/२०२१/०३/सायकलची-चेन-साफ-करण्याच्या-१०-सोप्या-पद्धती/

पुढे लेखात अकरावी पद्धत आली की पत्ता खोटा ठरतो. लेख नव्याने लिहिला तरी २०२१ कपाळावर राहतं. ‘सोप्या’ हा शब्द कुणी शोधत नाही. त्याऐवजी:

/सायकल-चेन-सफाई/

हा पत्ता लेख कितीही बदलला तरी टिकतो. माझ्या लेखी स्लगची कसोटी एवढीच आहे: पाच वर्षांनी मजकूर बदलला तरी हा पत्ता खरा राहील का? वर्ष, संख्या, विशेषणं, आणि जिचं नाव पुढे बदलू शकतं अशी वर्गवारी या कसोटीत नापास होतात. (बातमीच्या साइटला तारीख शोभते, तिचा विषयच तारखेला बांधलेला असतो.) आणि ‘/सायकल/सायकल-दुरुस्ती/सायकल-चेन-दुरुस्ती/’ असा एकच शब्द तीनदा घोळवल्याने काही मिळत नाही. वाचणाऱ्याला मात्र जाहिरातीचा वास येतो.

तिरक्या रेघा किती आहेत हे मोजू नका. पान मुखपृष्ठापासून किती क्लिकवर आहे, हे मोजा.

देवनागरी की रोमन

मराठी साइट चालवणाऱ्यांना या प्रश्नाचं उत्तर धड कुणी देत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. गुगलला दोन्ही चालतं. वाचकाच्या भाषेतले शब्द पत्त्यात वापरा, असंच त्यांचं मार्गदर्शन आहे.

अडचण असते ती पत्ता प्रवासाला निघाल्यावर. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या संगणकाच्या लेखनपद्धतीत तीन बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन टंकांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ टंक, आणि काना-वेलांटी हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे पंचेचाळीस टंक. ब्राउझरच्या पट्टीत शब्द सुंदर दिसतो. तोच कॉपी करून संदेशात चिकटवला की बहुधा टक्क्यांची माळ पडते.

वर्डप्रेस या साइट चालवण्याच्या प्रणालीत याचा थेट फटका बसतो. तिथे स्लगसाठी २०० टंकांची जागा आहे आणि मोजणी या टक्केवाल्या रूपात होते. म्हणजे जेमतेम बावीस देवनागरी चिन्हं. ‘सायकलची चेन घरच्या घरी कशी साफ करावी’ असं शीर्षक दिलं आणि स्लगला हात लावला नाही, तर पत्ता ‘सायकलची-चेन-घरच्या-घरी-कश’ इथे तुटतो. ‘कशी’ची वेलांटीसुद्धा उरत नाही. रँकिंग यामुळे कोसळत नाही, पण अर्धवट शब्द मिरवणारा पत्ता कायमचा चिकटतो. म्हणून प्रकाशित करण्याआधी स्लग हाताने लिहा, दर वेळी.

काही इतर प्रणाली याहून वाईट वागतात. काना-मात्रा ही ‘अक्षरं’ नाहीत असं समजून त्या गाळतात आणि ‘मराठी’चं ‘मरठ’ करतात. नवीन प्रणाली घेताना एक जोडाक्षरांनी भरलेलं शीर्षक टाकून हे आधी तपासा.

माझं स्पष्ट मत: छोटा, रोमन लिपीतला स्लग ठेवा, आणि मराठी शब्द रोमनमध्ये कसे लिहायचे याचा एक नियम साइटभर पाळा. कीवर्डचं वजन इतकं हलकं आहे की देवनागरीमुळे मिळणारा जादा लाभ सर्व्हरच्या नोंदी वाचताना, तक्ते बनवताना आणि पुढे रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणं) लावताना होणाऱ्या त्रासापुढे टिकत नाही. पण तुमची साइट आधीच देवनागरी पत्त्यांवर चालत असेल, तर केवळ माझं मत पटलं म्हणून ती बदलू नका. का, ते पुढे वाचा.

जुने पत्ते बदलणं: इथे सगळं बिघडतं

या कामात खरी जोखीम इथेच आहे. आखूड पत्त्याचा फायदा जवळपास शून्य आणि पत्ता बदलण्याची किंमत ठसठशीत. शोधयंत्राला नवा पत्ता हे नवं पान वाटतं. जुन्या पत्त्यावर साठलेली ओळख त्याच्याकडे पोचवणं ही सर्वस्वी तुमची जबाबदारी. ‘कीवर्ड घालायचाय’ किंवा ‘पत्ता लांब आहे’ या कारणांसाठी चालू पानाचा पत्ता बदलू नका. मी यावर अडून बसते आणि समोरच्याने कितीही रंगीत अहवाल दाखवला तरी हलत नाही. असे अहवाल देणारी साधनं लांब पत्त्यांपुढे लाल खूण करतात. ती खूण त्या साधनाच्या नियमाची आहे, शोधयंत्राच्या नाही.

बदल करावाच लागतो तो डोमेन बदलताना, प्रणाली बदलताना, किंवा पत्ता पानाबद्दल धडधडीत चुकीचं सांगत असताना. तेव्हा असं करा.

आधी जुन्या पत्त्यांची पूर्ण यादी. साइटमॅप पुरत नाही. सर्व्हरच्या नोंदी आणि गुगलच्या सर्च कन्सोल या साधनातले लिंक व कामगिरीचे अहवाल यांतून विसरलेली पानं वर येतात, आणि बाहेरून लिंक असलेली पानं नेमकी त्यातच असतात.

मग प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर त्याच विषयाचा नवा पत्ता. हा तक्ता कंटाळवाणा आहे म्हणून लोक सगळं मुखपृष्ठाकडे वळवून मोकळे होतात. तसं केलंत तर गुगल त्याला ‘पान सापडलं नाही’ असंच धरतं आणि जुन्या पानाची पुण्याई वाया जाते. जुळणारं पानच नसेल तर जुना पत्ता ४०४ (पान सापडलं नाही) किंवा ४१० (पान कायमचं गेलं) हे उत्तर देऊ दे, ते प्रामाणिक आहे.

रीडायरेक्ट कायमचा हवा: ३०१ किंवा ३०८. ३०२ म्हणजे ‘तात्पुरता’, आणि कितीतरी साधनं न विचारता तोच लावतात. कायमच्या रीडायरेक्टमध्ये पेजरँक, म्हणजे लिंकमधून पानाला मिळालेलं वजन, गळत नाही, असं गुगलने २०१६ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे ‘रीडायरेक्टने पंधरा टक्के जातात’ वगैरे ऐकलंत तर सोडून द्या. जातं ते चुकीच्या जोडणीमुळे.

साखळ्या तोडा. जुन्यावरून मधल्यावर आणि मधल्यावरून नव्यावर, असं होऊ देऊ नका. गूगलबॉट (पानं वाचत फिरणारा गुगलचा प्रोग्राम) दहा उड्यांपर्यंत मागोमाग येतो, पण प्रत्येक उडी वाचकाचा वेळ खाते. दुसऱ्यांदा स्थलांतर करताना पहिल्या वेळचे रीडायरेक्टही थेट शेवटच्या पत्त्याकडे वळवून घ्या.

देवनागरी पत्ते असतील तर इथे एक चिवट सापळा आहे, आणि त्याने मला खूप झुंजवलंय. टक्केवाल्या रूपातली रोमन अक्षरं लहानही लिहिता येतात, मोठीही. नियमाने दोन्ही एकच, पण रीडायरेक्टचं साधन अक्षराला अक्षर जुळवत असेल तर त्याला ते वेगळे वाटतात. वर्डप्रेस लहान अक्षरं वापरतं, बऱ्याच ठिकाणी मोठी येतात. शिवाय ‘ऱ’ एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच र आणि नुक्ता जोडूनही. डोळ्याला फरक दिसत नाही, पत्त्यात पडतो. म्हणून जुना पत्ता कधीही टाइप करू नका, नोंदीतून कॉपी करा, आणि तपासताना ब्राउझरच्या पट्टीवर विसंबू नका. यादीतला प्रत्येक पत्ता क्रॉलरमधून (पत्ते एकामागून एक उघडून बघणारं साधन) चालवून उत्तराचा आकडा बघा.

वर्डप्रेसवाल्यांसाठी: प्रकाशित पोस्टचा स्लग बदलला तर जुन्यावरून नव्याकडे ते स्वतःच वळवतं. ‘पेज’ या प्रकाराला ती सोय नाही. तिथे ते कधी कधी अंदाजाने मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच पानावर नेतं आणि वरवर सगळं ठीक दिसतं. पानांचे रीडायरेक्ट हाताने लावा.

त्यानंतर आतल्या सगळ्या लिंक, कॅनॉनिकल आणि साइटमॅप नव्या पत्त्यांवर आणा. आतल्या लिंक रीडायरेक्टच्या भरवशावर ठेवणं हा आळस आहे. बॉटने कुठे जाऊ नये हे सांगणाऱ्या रोबोट्सच्या फाइलमध्ये जुने पत्ते अडवू नका: बॉटला आत येऊ दिलं नाही तर रीडायरेक्ट दिसणार कसा? सर्च कन्सोलच्या पत्ते काढण्याच्या साधनालाही हात लावू नका, ते या कामासाठी नाही. आणि त्याच आठवड्यात शीर्षकं, मजकूर, रचना बदलू नका. पानं घसरली तर कारण शोधता येत नाही.

रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा असं गुगल सांगतं. मी ते काढतच नाही. बाहेरच्या साइटवरची जुनी लिंक वर्षभरानेही तिथेच असते.

फिल्टर आणि पॅरामीटर

रंग, आकार, क्रम यांच्या जोड्यांतून एकाच पानाचे शेकडो पत्ते तयार होत असतील, तर मूळ पानाकडे बोट दाखवणारा कॅनॉनिकल लावा. ही खूण फेब्रुवारी २००९ पासून प्रमुख शोधयंत्रं मानतात. पण ती विनंती आहे, हुकूम नाही; आतल्या लिंक वेगळ्याच पत्त्याकडे जात असतील तर शोधयंत्र त्यांचं ऐकू शकतं. सेशनचा क्रमांक पत्त्यात ठेवूच नका, कुकीमध्ये ठेवा.

बदल केल्यावर सर्च कन्सोलमध्ये जुन्या आणि नव्या पत्त्यांचे आकडे शेजारी ठेवून बघा. जुने उतरतात, नवे चढतात, मध्ये काही आठवडे दोन्ही दिसतात. या काळात घाबरून पत्ते परत फिरवू नका. एखादं पान त्यानंतरही उठलं नाही, तर आधी तक्त्यातली त्याची ओळ उघडा.