दात पांढरे करताना इनॅमल कसे जपावे

दात पांढरे करून घेण्याचा विचार मनात आला की सर्वप्रथम सकाळच्या उजेडात, खिडकीपाशी, हातात लहान आरसा घेऊन उभे राहावे आणि पटाशीच्या दातांचा रंग शांतपणे न्याहाळावा. ट्यूबलाइटच्या प्रकाशात हे पाहू नये, कारण त्यात रंग फसवा दिसतो. पिवळेपणा हिरडीलगत आणि दोन दातांच्या फटीत साचलेला असेल, तर ते बहुधा किटण असते. तपकिरी छटा पृष्ठभागावर डागांसारखी पसरलेली असेल, तर चहा, तंबाखू किंवा लोहाचे टॉनिक यांचा संशय घ्यावा. सगळेच दात एकसारखे पिवळसर असतील आणि पृष्ठभाग मात्र गुळगुळीत व चमकदार असेल, तर तो बहुतेक वेळा दातांचा मूळ रंगच असतो, आणि तो कितीही घासला तरी जात नाही. एकच दात राखाडी पडलेला असेल, तर पूर्वी कधी मार लागून त्याची नस मेलेली असण्याची शक्यता असते. अशा दाताचा आधी एक्स-रे काढावा. पांढरे करण्याचा विचार त्यानंतर करावा.

हे सर्व पाहण्याचा आग्रह मी धरतो, कारण पांढरा दात आणि मजबूत दात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीच्या नादात दुसरी गमावलेले लोक मला दवाखान्यात वारंवार भेटतात. इनॅमल, म्हणजेच दंतवल्क, हा आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असून त्याचा सुमारे 96 टक्के भाग खनिजांचा असतो. दाढेच्या उंचवट्यांवर त्याची जाडी जास्तीत जास्त अडीच मिलिमीटरच्या आसपास असते आणि हिरडीकडे ती विरत जाते. हाड मोडले तर जुळते, त्वचा कापली तर भरून येते. पण इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात तोंडात येईपर्यंतच जिवंत असतात, त्यामुळे एकदा झिजलेले इनॅमल शरीर पुन्हा घडवू शकत नाही. त्याच्या खालचा डेंटिनचा थर मुळातच पिवळसर असतो. म्हणूनच जो माणूस पिवळेपणा जावा म्हणून दात खसाखसा घासतो, त्याचे इनॅमल पातळ होऊन आतला पिवळा थर अधिकच दिसू लागतो.

काही काळापूर्वी एक मुलगी आईबरोबर पंचवटीतल्या माझ्या दवाखान्यात आली होती. लग्नाला दोन महिने उरले होते. मोबाइलवर पाहून ती रोज सकाळी लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा कालवून दातांवर चोळत होती. पहिल्या आठवड्यात दात खरोखरच उजळल्यासारखे वाटले. मग गार पाणी लागू लागले, आणि आमरसाच्या वाटीतला पहिला घास घेतानाही तिच्या डोळ्यांत पाणी येऊ लागले. तिच्या पटाशीच्या दातांची चमक जाऊन त्यांवर खडूसारखा निस्तेजपणा आला होता आणि कडा निळसर, काचेसारख्या झाल्या होत्या. दाताच्या मागून उजेड धरला, तर तो कडेतून आरपार येत होता. तिची आई म्हणाली, "डॉक्टर, लिंबू तर नैसर्गिक असतं ना?" लिंबू नैसर्गिक असते हे खरेच, पण त्याच्या रसाचा पीएच, म्हणजे आम्लतेचे माप (आकडा जितका लहान तितके आम्ल तीव्र), साधारण 2 ते 2.5 असतो आणि इनॅमलमधील खनिज साधारण 5.5 च्या खालीच विरघळू लागते. आम्लाने मऊ झालेल्या थरावर लगेच चोळाचोळ केली की तो थर निघून येतो, आणि ती मुलगी रोज नेमके तेच करत होती.

मीठ, कोळशाची पूड, राखुंडी आणि विटेची भुकटी हीदेखील खरबरीत द्रव्ये आहेत. ती डाग खरवडून काढतात, पण डागाबरोबर इनॅमलवरही ओरखडे पाडतात, आणि खरखरीत झालेल्या पृष्ठभागावर चहाचा पुढचा डाग अधिक घट्ट बसतो. मशेरीबद्दल मात्र स्पष्टच लिहितो. घरातल्या आजी आणि मावश्या वर्षानुवर्षे मशेरी लावत आल्या असल्या, तरी ती भाजलेली तंबाखू आहे. दात काळवंडणे हा तिचा लहान अपाय आहे. तोंडाचा कर्करोग हा मोठा. त्यांना रागावून ती सवय सुटत नाही, म्हणून डॉक्टरांकडे नेऊन ती हळूहळू सोडवावी.

आपल्या नाशिक भागात आम्लाचा आणखी एक मार्ग आहे. त्याची चर्चा फारशी होत नाही, म्हणून मी त्यावर जरा थांबतो. द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की दिंडोरी, निफाड, पिंपळगाव या भागांतील बागायतदार घडातले मणी तोडून दिवसभर चाखत असतात. साखर उतरली की नाही हे मोजायला यंत्र असले, तरी जिभेचा भरवसा वेगळाच असतो. "दात आंबले" असे आपण म्हणतो, तेव्हा दात आपल्याला पीएचचीच बातमी देत असतात. एका बैठकीत वाटीभर द्राक्षे खाल्ली, तर लाळ आपल्यातील बायकार्बोनेट, कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या साहाय्याने अर्ध्या ते एका तासात तोंडातले आम्ल निवळवते. मात्र दर दहा मिनिटांनी एक मणी तोंडात टाकत राहिले, तर लाळेला ती संधीच मिळत नाही. वाइनची चव घेणाऱ्यांनाही हेच लागू होते, कारण वाइनचा पीएच साधारण 3 ते 4 च्या दरम्यान असतो आणि ती तोंडात घोळवली जाते. म्हणून प्रमाणापेक्षा वारंवारतेकडे अधिक लक्ष द्यावे. आंबट पदार्थ जेवणाबरोबर घ्यावेत, सरबत घोट घोट करत तासभर पीत बसू नये, आणि शेवटी साध्या पाण्याने चूळ भरावी. मिसळीवर लिंबू पिळायला माझी मुळीच हरकत नाही. सोबत वाटीभर दही असले तर फारच चांगले. दही आंबट असूनही त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असल्यामुळे ते इनॅमलची झीज करत नाही.

आंबट खाल्ल्यावर किंवा उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नये. किमान अर्धा तास, शक्यतो तासभर थांबावे. ज्यांना पित्ताचा जुना त्रास आहे आणि घशाशी वारंवार आंबट येते, त्यांच्या वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजत जाते. अशांनी पोटाचा उपचार आधी करावा.

ब्रश मऊ केसांचा घ्यावा. तो हिरडीकडे तिरका धरावा आणि लहान लहान फेऱ्यांनी, दोन मिनिटे, दिवसातून दोनदा फिरवावा. करवतीसारखा आडवा ओढू नये. महिनाभरात ब्रशचे केस फुलासारखे पसरले असतील, तर हात जड पडतो आहे असे समजावे. टूथपेस्ट फ्लोराइडची, सुमारे 1000 पीपीएमची (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग फ्लोराइडची) असावी. मऊ पडू लागलेल्या इनॅमलमध्ये खनिज पुन्हा बसण्याचे काम फ्लोराइडमुळे सुकर होते, आणि असे तयार झालेले खनिज साधारण 4.5 पीएचपर्यंत टिकाव धरते. रात्री घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा, पण खळखळून चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहते. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढीच पेस्ट द्यावी.

एवढे झाल्यावर दवाखान्यात जाऊन किटण काढून घ्यावे. यंत्राने दात साफ केले की ते हलू लागतात, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. वास्तविक किटणाने हिरड्या आधीच खाली सरकलेल्या असतात. किटण निघाल्यावर ती फट फक्त उघडी दिसते. अनेकांचे समाधान या सफाईनेच होते आणि ब्लीचिंगची गरजच उरत नाही. खर्चाची चिंता असेल, तर पंचवटीत दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात.

त्यानंतरही रंग उजळायचा असेल, तर ब्लीचिंगचा विचार करावा. यात पेरॉक्साइड इनॅमलमधून आत शिरते आणि रंग देणाऱ्या रेणूंचे ऑक्सिडीकरण करते; त्यात घासणे किंवा खरवडणे नसते, त्यामुळे योग्य प्रमाणात आणि देखरेखीखाली केल्यास इनॅमल पातळ होत नाही. दवाखान्यात साधारण 25 ते 40 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड हिरड्यांना संरक्षण देऊन वापरले जाते. घरी करण्याच्या पद्धतीत दातांच्या मापाचा ट्रे बनवून त्यात 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल भरतात आणि तो ट्रे सुमारे दोन आठवडे रोज रात्री घालायचा असतो. घाई नसेल तर मी दुसरी पद्धत सुचवतो, कारण तिच्यात दात सळसळण्याचा त्रास कमी होतो आणि झाला तर एक रात्र सोडून देता येते. सुरू करण्यापूर्वी शेड गाइडवर, म्हणजे दातांच्या छटांच्या नमुनापट्टीवर, दाताचा रंग जुळवून नोंदवून ठेवावा, नाहीतर किती फरक पडला हे नुसत्या आठवणीवरून सांगता येत नाही.

कॅप, सिमेंट आणि पुढच्या दातांतील फिलिंग यांचा रंग ब्लीचिंगने बदलत नाही, त्यामुळे आजूबाजूचे दात उजळले की ती वेगळी उठून दिसतात; हे आधीच विचारून घ्यावे. कीड, भेगा किंवा सुजलेल्या हिरड्या असतील तर आधी त्यांचा उपचार करावा. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी, तसेच 18 वर्षांखालील मुलामुलींनी ब्लीचिंग टाळावे.

त्या मुलीला मी ब्लीचिंग केले नाही. लिंबू-सोडा बंद, मऊ ब्रश, संवेदनशील दातांसाठीची पोटॅशियम नायट्रेटयुक्त फ्लोराइड पेस्ट आणि दवाखान्यात फ्लोराइडचा लेप, एवढेच सहा आठवडे चालले. शेवटच्या भेटीत तिने गार पाण्याचा पेला हातात घेतला, अर्धा रिकामा केला आणि मगच आईकडे पाहिले.